चुन्याची रेघ आमच्या गराडूवरून गेली आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की, वसाहतीच्या बगीच्यात भाजीपाला लावणं म्हणजे सार्वजनिक जागेचा खासगी वापर आहे. बगीचा असावा तर हिरवळीचा, बाकांचा आणि फरसबंद वाटांचा, असं त्यांचं म्हणणं. ते पत्र मी दोनदा वाचलं. त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, आमच्या कॉलनीच्या बगीच्यात दोन माणसं फक्कीची पिशवी घेऊन आली आणि पेव्हर ब्लॉक बसवण्यासाठी रेघा मारून गेली. त्यातली एक रेघ आमच्या गराडूच्या वाफ्यावरून गेली आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, गराडू हा माळव्यातला वेलीचा कंद. थंडीत इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत तो तळून, वर जिरावण मसाला भुरभुरून आणि लिंबू पिळून देतात. मे-जूनमध्ये लावायचा, डिसेंबर-जानेवारीत काढायचा. म्हणजे त्या रेघेखाली आत्ता जे कोंब आहेत, त्यांना अजून सहा-सात महिने जमिनीत राहायचं आहे.

माझं वय सदुसष्ट. आमच्या चार पिढ्या इंदूरच्या. आजीच्या वेळी वाड्यामागे परसबाग होती. तिथे विहीर, अळू, कर्दळ, दोन पपया आणि मोरीच्या पाण्यावर वाढणारी केळ होती. मी चौतीस वर्षं हिशेबाच्या कामात काढली, त्यामुळे वही ठेवायची सवय हाताला आहे. खाली जे आकडे देते आहे ते आमच्या परसबागेच्या वहीतले आहेत.

आमच्या बगीच्याचा मागचा कोपरा चाळीस फूट बाय साठ फूट. 2018 पर्यंत तिथे घरबांधणीचा मलबा आणि गाजरगवत होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही काही घरांनी मिळून मलबा उचलला, काळी माती उघडी केली, सपाट वाफे केले आणि पहिल्या पावसानंतर टोमॅटोची एकशेवीस रोपं लावली. जुलैत चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी रोपांनी माना टाकल्या होत्या. बुंधे मातीलगत काळे पडून मऊ झाले होते, उपटताना मुळं हातात येईनात. एकशेवीसपैकी नऊ वाचली.

माळव्याच्या मातीचा स्वभावच आम्हाला ठाऊक नव्हता. उन्हाळ्यात तिला पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस झाला की ती फुगते, भेगा मिटतात आणि नंतरचं पाणी वरच थबकतं. समोरच्या प्लॉटवर बांधकामासाठी झाबुआकडून आलेले एक दादा तेव्हा कुटुंबासह राहत होते. त्यांनी आमची दशा पाहिली आणि मला म्हणाले, "ताई, मिट्टी को उघाड़ी मत छोड़ना." मग फावडं घेऊन त्यांनीच पहिला गादीवाफा करून दाखवला. तीन फूट रुंद, फूटभर उंच, शेजारी दीड फुटाची चर, चरीत सुका पाचोळा, वाफ्यावरही चार बोटं पाचोळा. सगळ्या चरींचा उतार एका कोपऱ्यातल्या विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्याकडे. आजही आमचे चौदा वाफे त्याच मापाचे आहेत.

त्या वाफ्यांची पहिली मोठी परीक्षा 22 ऑगस्ट 2020 ला झाली. इंदूरकर तो दिवस विसरणार नाहीत. चोवीस तासांत दहा इंचांहून जास्त पाऊस पडला, ऑगस्टमधले आधीचे विक्रम मोडले. गणेश चतुर्थी होती. करोनाचे दिवस, त्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी. मूर्ती आदल्या दिवशी आणली होती म्हणून पूजा झाली. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बाजारात जायची सोय नव्हती. सकाळी मी छत्री घेऊन बगीच्यात गेले. पुढच्या फरसबंद भागात पाणी तुंबलेलं होतं, ते सोमवारी दुपारपर्यंत हटलं नाही. मागे आमच्या कोपऱ्यात चरी काठोकाठ भरलेल्या, पण वाफे वर होते. गिलक्यांचा मांडव आडवा झाला होता, दोन पपया कोसळल्या होत्या. अळू मात्र ताजातवाना उभा. मी अळू, लाल माठ, अंबाडी, कोवळी भेंडी, दोडके, एक लहान लाल भोपळा आणि मक्याची चार कणसं काढली. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, आणि आमची माती तर फावड्याने, हातानेच उकरलेली. कॉलनीतल्या अकरा मराठी घरांत त्या दिवशी त्याच वाफ्यांची भाजी शिजली. दुपारपर्यंत चरी रिकाम्या होऊन खाली नुसता चिखल राहिला होता. तेवढं पाणी त्या कोपऱ्याने पोटात घेतलं, म्हणूनच पेव्हर ब्लॉकची रेघ पाहून माझा जीव कासावीस होतो.

दुसरी परीक्षा उलटी होती. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. माळव्यात सोयाबीन शेतात करपू लागलं. एरवी पाऊस लागला की आम्ही वाफ्यांत पुरलेले पाण्याचे माठ झाकून ठेवतो, त्या वर्षी श्रावणात पुन्हा भरायला घेतले. आणि सप्टेंबरच्या मध्यावर असा पाऊस कोसळला की चरी पुन्हा तुडुंब. एकाच वाफ्याला जेमतेम महिन्याच्या अंतराने माठाचं पाणीही लागलं आणि निचऱ्याची चरही लागली. हवामान बदललं म्हणजे काय, हे मला त्या पाच-सहा आठवड्यांत नीट कळलं. पाऊस कमी की जास्त एवढाच हिशेब आता राहिलेला नाही. दोन्हींची तयारी एकाच जागी ठेवावी लागते.

रात्रींचंही सांगते. शब-ए-मालवा म्हणून आमच्या रात्रींचं कौतुक होत आलं. दिवस कितीही तापला तरी रात्री गच्चीवर चादर घ्यावी लागायची. टोमॅटोला ही गार रात्र हवी असते. रात्रीचा पारा चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली उतरेना झाला की फुलं येतात पण फळ न धरता गळतात. आमच्या वहीत गेल्या तीन वर्षांत एप्रिलनंतर टोमॅटोच्या रकान्यात 'फुलगळ' हाच शब्द आहे. आता आम्ही टोमॅटो ऑक्टोबरात लावून मार्चअखेर संपवतो आणि उन्हाळ्यात त्याच्या मागे लागत नाही. पालकाचंही तसंच, ऊन वाढलं की लगेच फुलोऱ्यावर जातो. त्याच्या जागी मायाळू, तांदुळजा, राजगिरा आणि चवळी. मायाळूची पानं मे महिन्यात दुपारी मलूल होतात आणि संध्याकाळी पुन्हा तरतरीत. मुलं आधी नाकं मुरडत होती, आता मायाळूची भजी मागून खातात.

खताबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण त्या पत्रलेखकांनी 'शेणाचा वास आणि डास' असा उल्लेख केला होता.

जगभरच्या शेतीच्या अभ्यासात कंपोस्टची एक पद्धत 'इंदूर पद्धत' या नावाने शिकवतात. तिचा जन्म आमच्या शहरातला. 1924 साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ 1931 पर्यंत तिचे प्रमुख होते. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. हॉवर्ड यांनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांचं पाहून, कपाशीच्या पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि चुलीतली राख यांचे थर रचून काळंभोर खत करण्याची रीत बसवली. 1931 साली तिच्यावर जे पुस्तक निघालं त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. दुसरं नाव आपल्यातलं, पण इंदूरच्या मराठी घरांतसुद्धा फार थोड्यांना ते माहीत आहे. 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले, तेव्हा हे खत पाहायला ते या संस्थेत गेले होते.

आम्ही तीच रीत लहान मापाने करतो. खाली जाड काटक्या, वर सुका पाचोळा, मग घरोघरच्या भाज्यांची सालं-देठं, मग शेणाचा काला, राख आणि मूठभर जुनं खत, आणि पुन्हा पाचोळा. पंधरा दिवसांनी पहिली उलथापालथ, तिसाव्या दिवशी दुसरी, साठाव्या दिवशी तिसरी. तीन महिन्यांत खत तयार. ढीग नीट जमला की नाही हे ओळखायची आमची खूण म्हणजे लोखंडी सळई. पाचव्या-सहाव्या दिवशी सळई ढिगाच्या मधोमध खुपसायची, थोडा वेळ ठेवायची आणि ओढून हात लावायचा. हात टेकवत नाही इतकी गरम लागली तर ढीग जिवंत आहे. जानेवारीच्या सकाळी ढीग उलटताना आतून वाफा निघतात आणि वास येतो तो पहिल्या पावसाचा. दुर्गंधी येते ती ओला कचरा पिशवीत कोंडला किंवा हवा न लागता सडला की. आमच्याकडूनही पहिल्या वर्षी एक चूक झाली. कच्चं शेण तसंच वाफ्यात घातलं, हुमणी झाली, वांग्यांची मुळं खाल्ली गेली. त्यानंतर न कुजलेलं शेण आम्ही वाफ्याला लावलेलं नाही.

इंदूरने कचरा वेगळा करायची जी शिस्त लावून घेतली तिचा मला अभिमान वाटतो. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा रोजच्या 550 टन क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी 2022 पासून इथे चालू आहे. आमचं म्हणणं एवढंच की झाडांचा पाचोळा गाडीत भरून शहराबाहेर नेण्याची गरज नसते. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीतली एकशेचाळीस पोती पाचोळा त्या कोपऱ्यातच जिरला.

आता पाणी. इंदूरला नर्मदेचं पाणी 1978 पासून येतं, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्य चढून. आमच्या नळाला ते एक दिवसाआड येतं. असं कष्टाने वर आणलेलं पाणी भेंडीला घालायचं नाही, हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं. कॉलनीच्या सभागृहाचं छत एक हजार चौरस फुटांचं आहे. एवढ्या छतावर एक इंच पाऊस पडला की सुमारे 2,360 लिटर पाणी होतं. दोन-दोन हजार लिटरच्या आमच्या दोन टाक्या दोन इंचाच्या आतच भरतात. सप्टेंबरात शेवटच्या भरवशाच्या पावसावर त्या भरून घ्यायच्या, जाळी आणि झाकण लावायचं, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत हात लावायचा नाही. हिवाळ्यात कॉलनीच्या जुन्या विहिरीवर भागतं.

हे चार हजार लिटर पुरतात ते माठांमुळे. उन्हाळ्याच्या शेवटी घरोघरी पाझरणारे, कडा उडालेले माठ निघतात. असे चाळीस माठ आम्ही वाफ्यांत गळ्यापर्यंत पुरले आहेत. तोंडावर फरशीचा तुकडा, म्हणजे डास नाहीत आणि वाफही नाही. प्रत्येक माठाभोवती चार वेल. माती कोरडी असेल तितकं पाणी ती माठातून ओढते, ओली असेल तर ओढत नाही. चौथ्या दिवशी प्रत्येकात आठ लिटर. चाळीस माठांचे तीनशेवीस लिटर, म्हणजे चार हजार लिटरमध्ये बारा वेळा, अठ्ठेचाळीस दिवस. एप्रिलच्या मध्यापासून थेट मृगाच्या तोंडापर्यंत. भर मे महिन्यात पाचोळा बाजूला करून माठाशेजारी बोट खुपसलं की गार, ओलसर माती बोटाला चिकटते आणि हातभर पलीकडे तीच माती विटेसारखी. शाळकरी मुलांना मी हे करायला लावते. नळी धरून पाणी मारणारी माणसंही एकदा बोट घालून पाहतील तर बरं.

बियाण्याबद्दल थोडक्यात. पाकिटातलं संकरित बी एकदा छान येतं, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तेच मिळत नाही. आम्ही गिलकी, दोडका, भेंडी, चवळी, अंबाडी आणि बालम काकडी (आमच्याकडची मोठी काकडी) यांचं बी घरचं धरतो. बालम काकडीचं पहिलं बी त्या झाबुआच्या दादांच्या बायकोने पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. पावसाच्या दोन्ही टोकांना तग धरतील अशीच रोपं बियाण्यासाठी राखतो. 2023 च्या कोरड्या ऑगस्टमध्ये जे चार वेल हिरवे राहिले होते, आज आमच्याकडची सगळी बालम काकडी त्यांचीच आहे. बी राख लावून सावलीत वाळवायचं आणि कडुनिंबाच्या पाल्यासह बरणीत.

आता त्या गृहस्थांच्या मूळ मुद्द्याकडे येते. तो खोटा नाही. दुसऱ्या वर्षी आमच्यातल्याच एकांनी आपल्या वाफ्याला तार लावून कुलूप घातलं होतं. मोठं भांडण झालं, दोन घरं बाहेर पडली. त्या वेळी त्यांच्यासारखं पत्र कुणी लिहिलं असतं तर मला खाली मान घालावी लागली असती. मग आम्ही नियम केला की वाफा कुणाचाच नाही. आज एकोणीस घरं आहेत. रविवारी सकाळी जो तासभर काम करील तो वाट्याने भाजी नेईल, मग तो कॉलनीचा असो की बाहेरचा. आमच्या रस्त्यावर झाडणाऱ्या दोघी जणी नेमाने येतात आणि त्यांचा हात आमच्यापेक्षा चांगला चालतो. कुंपणालगतचा शेवगा, कढीपत्ता आणि पपई जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी आहे, ते कुणी तोडलं तर विचारायचं नाही. चावी, कुलूप काहीही नाही.

गेल्या वर्षी एकूण 640 किलो भाजी निघाली. एकोणीस घरांत वाटली तर घरटी आठवड्याला पाऊण किलोही होत नाही. हा आकडा मी लपवत नाही. या कोपऱ्यावर कुणाचं घर चालत नाही. पण चाळीस बाय साठ फूट उघडी माती, तिच्यात मुरणारं पावसाचं पाणी, कॉलनीचा सगळा पाचोळा पोटात घेणारा खताचा ढीग आणि तग धरलेल्या बियाण्याच्या सहा बरण्या, हेही त्याच कोपऱ्यात आहे. हिरवळ लावली तर तिला रोज पाणी लागेल, पेव्हर ब्लॉक बसवले तर पाऊस रस्त्यावर जाईल.

फिरायच्या वाटेला माझा विरोध नाही. माझे यजमान काठी घेऊन चालतात, पावसाळ्यात घसरत्या मातीत त्यांना मीच जाऊ देत नाही. कडेने चार फूट रुंदीची वाट जरूर व्हावी, तिच्यासाठी लागणारी जागा आम्ही दोन वाफे मोडून देऊ असं लिहूनही दिलं आहे. पण नकाशा वर बनून आला आहे आणि त्यात मागचा कोपरा 'रिकामी जागा' असा दाखवला आहे. काम करणाऱ्या माणसांना मी गराडूचे कोंब दाखवले. ते भले होते, एकाने फक्की मारताना कोंबांवर उलटी टोपली ठेवली. पण नकाशा बदलणं त्यांच्या हातात नाही.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. ज्यांच्या सहीने हे काम होणार आहे त्यांनी एकदा जोराच्या पावसात, किंवा पाऊस उघडल्यावर चार तासांनी, बगीच्यात येऊन पुढचा भाग आणि मागचा कोपरा स्वतः पाहावा आणि मग ठरवावं. आणि आपल्या वाचकांपैकी, ग्वाल्हेर, बडोदा, नागपूर, पुणे, कुठेही, कुणाच्या वसाहतीला बगीच्यात अशी सामाईक परसबाग ठेवायची लेखी परवानगी मिळाली असेल, तर तिच्यातल्या अटी आणि शब्दरचना त्यांनी या सदरात कळवावी. आमच्याकडे आजवर सगळं तोंडी चालत आलं, ती आमची चूक झाली.

काम 15 जूनला सुरू होईल असं सांगितलं आहे. त्याआधी हे पत्र छापून आलं तर कात्रण घेऊन आम्ही तिघी-चौघी त्या कार्यालयात जाऊ.

आपली नम्र,
एक वाचक
इंदूर